पाचशे मीटरच्या आत

एका फॉर्मला तीस रुपये.
टॅबलेट संस्थेचा, चपला माझ्या.
नकाशावर कुंडलिकेच्या काठाला हिरवी रेघ,
रेघेभोवती लाल वर्तुळ.
विचारायचं ते वर्तुळातल्यांना फक्त:
'उद्यानाच्या पुनरुज्जीवनामुळे आपल्या जीवनमानात
कितपत सुधारणा झाली? एक ते पाच.'

पहाटे साडेपाचला अस्मिता खरात
पळता पळताच सांगते, 'पाच लिहा, ताई.
भरतीला आठशे मीटर, म्हणजे ह्या ट्रॅकच्या दोन चकरा.
आधी हायवेच्या कडेनं पळायचे,
ट्रकवाले मुद्दाम हॉर्न द्यायचे.'
पुढे जाते, वळून येते, धापा टाकते.
'चार करा. गोळा फेकू देत नाहीत.
लॉनला खड्डे पडतात म्हणे.'

जुलेखाबी फाटकाबाहेर बसलेली,
दोन बकऱ्या जाळीतून मान घालून
आतल्या जास्वंदीशी बोलतायत.
प्राण्यांना प्रवेश नाही, असा बोर्ड आहे वर.
'मला बी वाचता येत नाई, बकरीला बी नाई.
लिव काय लिवायचं ते.
पन बाथरूम बांधलं ते चांगलं केलं बाई,
आधी अंधार पडायची वाट बघत बसायचो.'
ह्याला किती द्यायचे?
मी तीनवर बोट ठेवते, उचलते, पुन्हा ठेवते.

प्रश्न सात, सायंकाळनंतर सुरक्षित वाटते का.
शिकवणीहून येणाऱ्या पोरीची आई म्हणते,
'बागेत वाटतं. बागेपासून घरापर्यंतचं
तुमच्यात विचारलेलं नाही.'

दुपारी बाकांवर सळईच्या कारखान्यांची काळी धूळ.
पुसल्याशिवाय कुणी बसत नाही,
बसल्याशिवाय कुणी उत्तर देत नाही,
म्हणून मी ओढणीचं एक टोक फॉर्मच्या खर्चात धरलंय.

पाण्याला वास येत नाही आता, हे खरं.
नाला पाइपात घातला,
पाइप पुढच्या पुलाखाली उघडतो.
तिथला सायकल दुरुस्तीवाला टायर बुडवून बुडबुडे शोधत होता.
'आमच्याकडं कामून येत नाई कुनी?
तुमचा वास आमच्याकडं आलाय राहायला.'
मी टॅबलेट दाखवला, निळा ठिपका, लाल रेघ.
तो रेघेच्या बाहेर होता बहात्तर मीटर.
'मंग मी रोज चालत येतो तिथवर,' तो म्हणाला,
'तू आत उभी राहून विचार.'
हसलो दोघं. फॉर्म भरला नाही.

शेवटचा लिंबाजी राऊत, वय एक्क्याऐंशी,
व्यवसाय... थांबला, म्हणाला, 'परीट. होतो.'
धुण्याचा घाट होता इथं.
बुलडोझरनं सगळे दगड काढले,
आणि कुण्या हुशार इंजिनिअरनं
त्यातलेच नीट बघून पाच-सहा
पायवाटेला बसायला म्हणून लावले.
'त्यातला ह्यो माझा.'
कसा ओळखला?
त्यानं माझा हात धरून दगडावर ठेवला.
मधोमध खोलगट, तळहाताएवढं, गुळगुळीत.
'पन्नास वर्षं इथंच आपटलं.
हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचं समदं,
वकिलांचे काळे कोट नाई, ते आपटायचे नसतेत.'

मग किती लिहू मामा?
'पाच लिही. बसायला मिळालं का न्हाई?
पोराला इस्त्रीचं दुकान टाकायला पैसे देनार होते,
तवा दोन लिहिलं असतं.
आले न्हाईत. आता पाच लिही.'

मला ह्या हिशेबाचा उलगडा होईना.
पाय दुखत होते, बॅटरी सात टक्के,
'इतर' ह्या रकान्यात शंभर अक्षरं मावतात.
टेकावं म्हणून शेजारच्या दगडाकडे वळले,
तोच तसाच, थोडा लहान, खळगा जरा डावीकडे.

'तिथं नको बसू,' तो म्हणाला,
रागानं नाही,
'त्यो सखूचा हाय.'